पेट्रोलचा काटा चुकतोय? मीटर बदलण्याआधी एवढं तपासा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. गाडीजवळ बसून एकेक पायरी वाचत करता यावी म्हणून इथे देतोय. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय आहे पेट्रोलचा काटा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या अॅम्बेसेडरमध्ये, पद्मिनीमध्ये, जीपमध्ये हा काटा शोभेपुरता उरलेला असणार, मला माहितीये. कुणी टाकीत काठी घालून बघतो, कुणी किलोमीटर मोजून पेट्रोल भरतो, कुणी डिकीत कॅन ठेवतो. हा डिकीतला कॅन मला सगळ्यात जास्त खुपतो. उन्हात तापलेल्या बंद डिकीत पेट्रोलचा कॅन म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. चार चांगल्या सवयींपेक्षा एक चालणारा काटा परवडला.

दुसरं असं की हा काटा बिघडला की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो 'मीटर बदला' किंवा 'टाकीतलं युनिट बदला' असा. नव्या गाडीत तो सल्ला ठीक असेल. उत्तरपाऱ्यात अॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. कुर्ल्यातली पद्मिनी त्याच्याही आधी बंद झाली. मूळ मीटर काढून कचऱ्यात गेला की तसा दुसरा मिळवायला जुन्या बाजारात किती फेऱ्या मारायच्या? आणि बाजारात 'सगळ्या गाड्यांना चालतो' म्हणून जो मीटर मिळतो, तो तुमच्या टाकीतल्या युनिटशी जुळेलच असं नाही. मग काटा चालतो, पण सांगतो भलतंच.

म्हणून आज एवढंच सांगायचंय. काटा चुकीचा दाखवतो, तेव्हा तो नेमका कसा चुकतोय याच्यातच बिघाड कुठे आहे त्याचा पत्ता असतो. तो पत्ता आधी वाचायचा, पान्हा नंतर उचलायचा.

मीटर चालतो कसा?

या सगळ्या यंत्रणेत मोजून चार गोष्टी आहेत. डॅशबोर्डमधला मीटर, टाकीतलं युनिट, दोघांना जोडणारी एक वायर आणि अर्थ. टाकीत एक तरंगणारा डबा असतो, त्याला आपण फ्लोट म्हणतो. पेट्रोल वर-खाली झालं की फ्लोटची दांडी हलते आणि बारीक तारेच्या गुंडाळीवरून एक पट्टी सरकते. त्यामुळे विजेला होणारा अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, कमी-जास्त होतो. त्या प्रमाणात मीटरमधून करंट वाहतो आणि काटा तेवढा हलतो. मीटरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त करंट कळतो. वायर गंजली, अर्थ सुटला, तरी तो ते पेट्रोलच समजतो.

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या गाड्यांत मीटर मुख्यतः दोन जातींचे असतात, आणि तुमच्या गाडीत कुठला आहे हे ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली जात चुंबकाची. आत दोन कॉइल असतात, त्यांच्या ओढाताणीवर काटा ठरतो. चावी फिरवली की काटा टुणकन उडी मारतो आणि खड्ड्यात गाडी गेली की नाचतो.

दुसरी जात तापणाऱ्या पट्टीची. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्याभोवती तार गुंडाळलेली. करंटने तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. चावी फिरवल्यावर हा काटा सावकाश वर चढतो, जागेवर यायला अर्धा मिनिट घेतो. खड्ड्यांनी त्याला फरक पडत नाही.

म्हणजे ओळखायला काही उघडावं लागत नाही. चावी फिरवा आणि काटा कसा उठतो ते बघा.

दुसऱ्या जातीच्या मीटरसोबत ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीपेक्षा लहान एक डबी असते. तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. बॅटरीचं व्होल्टेज इंजिन बंद असताना १२च्या आसपास, चार्जिंग होत असताना १४पर्यंत जातं. काटा त्याच्याबरोबर हलू नये म्हणून ही डबी करंट चालू-बंद, चालू-बंद करत सरासरी १० व्होल्ट पुढे देते. टेम्परेचरचा मीटर विजेवर चालणारा असेल, तर बहुधा त्यालाही याच डबीतून सप्लाय असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी सुरक्षितता

मंडळी, हा भाग कृपया पुढे ढकलू नका.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, डिकीच्या तळाशी, गॅरेजच्या खड्ड्यात साचते. म्हणून काम मोकळ्यावर करा, डिकी उघडून थोडा वेळ हवा खेळू द्या. विडी-सिगारेट, चालू पंखा, साधा लटकता बल्ब जवळ नको. टेस्ट लॅम्प टाकीपाशी अजिबात वापरायचा नाही.

आणि नियम एकच. जोडणी आधी, चावी नंतर. म्हणजे टाकीपाशी कुठलीही वायर जोडायची किंवा काढायची असेल, तर चावी बंद. जोडून झालं, हात बाजूला घेतला, मग दुसऱ्या माणसाने पुढे चावी फिरवायची. ठिणगी पडते ती वायर टेकवताना. त्या क्षणी वायरमध्ये करंटच नसेल तर ठिणगी कुठून येणार? आणि युनिट टाकीतून बाहेर काढायचं असेल तर बॅटरीची वायर काढूनच.

पहिली चाचणी: वायर काढा, वायर अर्थ करा

चावी बंद. टाकीवरच्या युनिटची वायर काढा आणि कशालाही टेकणार नाही अशी मोकळी ठेवा. चावी चालू. काटा कुठे गेला ते लिहून ठेवा. चावी बंद. आता तीच वायर क्रोकोडाइल क्लिपने गाडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या लोखंडाला जोडा, टाकीपासून जरा लांब. चावी चालू. काटा कुठे जातो ते बघा आणि लगेच चावी बंद करा. तापणाऱ्या पट्टीच्या मीटरला थेट अर्थ जास्त वेळ दिला तर आतली तार जळू शकते. काटा वर चढायला लागला की आपलं उत्तर मिळालं.

आता उत्तर वाचू. तापणाऱ्या पट्टीच्या मीटरमध्ये वायर मोकळी असेल तर काटा रिकाम्यावर राहायला हवा, आणि अर्थ केल्यावर फुलकडे चढायला हवा. चुंबकाच्या बऱ्याच जुन्या मीटरमध्ये याच्या बरोबर उलट. वायर मोकळी तर काटा फुलवर किंवा त्याच्याही पुढे, अर्थ केली तर रिकाम्यावर. म्हणूनच मघाशी म्हटलं, जात आधी ओळखा. नाहीतर धडधाकट मीटर तुम्ही नापास कराल.

दोन्ही वेळा काटा अपेक्षेप्रमाणे टोकांना गेला, तर मीटर आणि पुढून मागे येणारी वायर दोन्ही ठीक. बिघाड टाकीत किंवा टाकीच्या अर्थमध्ये. काटा दोन्ही वेळा एकाच जागी ढिम्म राहिला, तर बिघाड पुढे, म्हणजे वायर, मीटर, सप्लाय किंवा फ्यूज. फक्त पाच मिनिटांत अर्धी गाडी संशयातून मोकळी झाली.

दुसरी चाचणी: अर्थ

जुन्या गाडीत सगळ्यात जास्त वेळा अर्थच सापडतो. युनिट टाकीला स्क्रूने बसवलेलं, मध्ये पॅकिंग. टाकी बॉडीला पट्ट्यांनी आवळलेली, मध्ये रबर. त्यावर रंगाचे दोन हात आणि चाळीस पावसाळ्यांचा गंज. करंटला परत जायला रस्ता कुठे राहिला?

चावी बंद ठेवून युनिटच्या पत्र्यापासून बॉडीच्या स्वच्छ लोखंडापर्यंत एक वेगळी वायर जोडा. मग चावी फिरवून बघा. काटा ताळ्यावर आला, तर ती वायर नीट थिंबल लावून, स्टार वॉशर टाकून कायमची बसवून टाका. गाडी नुकतीच रंगवून आणलेली असेल तर संशयाची पहिली सुई इथेच वळवा. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो हेही बघून घ्या. अर्थची चाचणी दोन्हीकडे तीच, पण नवीन इलेक्ट्रॉनिक पार्ट लावताना उलटसुलट झालं तर तो जळतो.

एक खरी केस

साताऱ्याकडच्या आपल्या एका श्रोत्याने कळवलं होतं. वडिलांची अॅम्बेसेडर, वडील पंचाहत्तरी ओलांडलेले. पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात गाडी बंद पडली. काटा 'ई'च्या वर होता आणि टाकी कोरडी. मागून ट्रकची रांग, गाडीत आजी आणि नातू. त्यानंतर घरात ठरलं की गाडी विकून टाकायची. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की पूर्ण मीटर बदलावा लागेल, आणि बदलूनही खात्री नाही.

मी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून गाडी बघायला थांबलो. चावी फिरवली. काटा सावकाश चढला. म्हणजे तापणारी पट्टी. इंजिन चालू करून जरा रेस केल्यावर काटा अजून थोडा वर सरकला. पेट्रोल काही रेस केल्याने वाढत नाही. मग काकांना विचारलं, "काका, टेम्परेचरचा काटा पण वरच राहतो का हो?"

ते म्हणाले, "तो तर कायमचाच वर. दोनदा रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅट पण बदलला. पण पाणी काही उकळत नाही बघा कधी."

दोन मीटर, दोघेही जास्त दाखवणारे, आणि रेस केल्यावर वर सरकणारे. दोघांत सामाईक काय, तर तो स्टॅबिलायझर. डॅशबोर्डच्या मागे हात घालून बघितलं. डॅशबोर्डचा पत्रा रंगवलेला होता, आतल्या बाजूनेही जाड रंग, आणि स्टॅबिलायझर त्या रंगावरच स्क्रूने आवळलेला. काकांना आठवलं, दोन वर्षांपूर्वी पूर्ण गाडी रंगवली होती.

या डबीला स्वतःचा अर्थ तिच्या पत्र्यातून मिळतो. तो तुटला की तिचं चालू-बंद होणं थांबतं आणि बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज पुढे जातं. पट्टीला मिळणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०ऐवजी १४ व्होल्ट, म्हणजे उष्णता जवळजवळ दुप्पट. त्यामुळे पाव टाकी असली की काटा अर्ध्याच्या आसपास, अर्धी असली की फुलच्या जवळ, आणि टाकी कोरडी पडली तरी काटा 'ई'च्या थोडा वरच. घाटात नेमकं हेच झालं होतं.

खात्री करायला स्टॅबिलायझरच्या आउटपुटला टेस्ट लॅम्प लावला. इथे पेट्रोलची टाकी नाही, त्यामुळे टेस्ट लॅम्प चालतो. लॅम्प लुकलुकायला हवा होता, तो सलग जळत होता. मग बॅटरी काढून स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने घासला, स्टार वॉशर टाकला आणि शिवाय अर्थची एक वेगळी वायर ओढली. पुन्हा लॅम्प लावला तर लुकलुकायला लागला. दोन्ही काटे खाली आले. टेम्परेचरचा काटा मधोमध. रेडिएटर बिचारा पहिल्यापासूनच ठीक होता.

खर्च एक वॉशर आणि हातभर वायर. गाडी विकायची की ठेवायची, हा त्यांच्या घरचा निर्णय. पण तो निर्णय आता रंगाच्या एका थरामुळे होणार नाही, एवढं झालं.

यात अजून एक बारकावा. डबीचा अर्थ ठीक आहे, आणि तरीही लॅम्प सलग जळतोय किंवा अजिबात लागत नाही, तर डबी खराब. लॅम्प लागत नसेल तर दोन्ही काटे रिकामेच राहतील. अशा वेळी १० व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर लावता येतो. त्यात ७८१० नावाचा साधा आयसी असतो, तो तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत जोडायला सोपा. जुन्या डबीच्या पत्र्यातच बसवला तर बाहेरून मूळ रूप तसंच राहतं.

मधलं माप तपासायचं असेल तर

काटा दोन्ही टोकांना जातो, पण मध्ये चुकतो, अशी तक्रार असेल तर मीटर आणि युनिट वेगवेगळे तपासा. ब्रिटिश वळणाच्या तापणाऱ्या पट्टीच्या मीटरचं युनिट ढोबळमानाने टाकी भरलेली असताना २०-३० ओहम आणि रिकामी असताना २४०च्या आसपास दाखवतं. म्हणून टाकीची वायर काढून तिच्या आणि अर्थच्या मध्ये ६८ ओहमचा रेझिस्टर लावा, २ वॉटचा घ्या. अर्धा मिनिट थांबा. काटा साधारण मधल्या भागात आला तर मीटर शहाणा, दोष युनिटचा. जीपसारख्या अमेरिकन वळणाच्या गाड्यांची मापं वेगळी असतात, तिथे हा आकडा तसाच लावू नका.

युनिट बाहेर काढताना

युनिट टाकीच्या बाजूला बसवलेलं असेल तर पेट्रोल आधी त्या पातळीच्या खाली काढावं लागतं. पण टाकी रिकामी म्हणजे निर्धोक, असं समजू नका. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा मिसळलेली असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. लॉकिंग रिंग असेल तर लोखंडी छिन्नी-हातोडी नको, पितळेचा तुकडा किंवा कठीण लाकूड वापरा.

बाहेर काढल्यावर मल्टीमीटर ओहमवर लावा आणि दांडी हळूहळू वर-खाली करा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच गायब झाला तर तार तुटलेली किंवा सरकणारी पट्टी झिजलेली. हलक्या हाताने कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पुन्हा बघा. खरखरीत कागद त्या बारीक तारेवर चालवू नका, तार जाईल.

मग फ्लोट. पितळेचा असेल तर कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं, तर भोक पडलंय आणि फ्लोट बुडतोय. भोक शोधायला गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे भोक. आगीवर कधीच नाही. आणि आतलं पेट्रोल, वाफ पूर्ण गेल्याशिवाय डाग देऊ नका. अशा डब्याला डाग देताना स्फोट होतो.

काही फार जुन्या गाड्यांत फ्लोट कॉर्कचा, म्हणजे बुचाच्या लाकडाचा असतो, त्यावर लाखेचं पॉलिश. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून पॉलिश करतात, ते आठवा. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. लाखेचा तो थर त्यात विरघळतो, कॉर्क पेट्रोल पितो आणि जड होतो. पुन्हा लाख लावून उपयोग नाही, इथेनॉलला टिकणारा फ्लोट शोधा. हातासरशी टाकीजवळचे रबरी पाइपही बघून घ्या. चिरा दिसल्या किंवा बोटाला चिकट लागले, तर काट्याच्या आधी ते बदला.

बसवताना पॅकिंग नवीन घ्या. चावी फिरवण्याआधी कडेने ओलं होतंय का, वास येतोय का, ते बघा. थोडा वेळ थांबा, मगच बॅटरी जोडा.

शेवटचं काम: वही

दुरुस्ती झाली तरी लगेच काट्यावर भिस्त ठेवू नका. गाडीत एक छोटी वही ठेवा. दर वेळी पंपावर जाण्याआधी, सपाट जागी, काटा कुठे आहे ते लिहा. मग टाकी पूर्ण भरा आणि किती लिटर बसलं ते लिहा. टाकीच्या क्षमतेतून ते वजा केलं की काट्याच्या त्या खुणेला टाकीत नक्की किती पेट्रोल होतं ते कळतं. चार-पाच वेळा भरल्यावर तुमच्या गाडीचा स्वतःचा तक्ता तयार होतो. जुन्या गाडीचा काटा अगदी अचूक कधीच नसतो, तो रोज सारखाच चुकला तरी पुरे. वळणावर, चढावर पेट्रोल एका बाजूला जातं, त्यामुळे घाटातलं वाचन धरायचं नाही.

थोडक्यात क्रम पुन्हा सांगतो. काटा कसा उठतो ते बघून मीटरची जात ओळखा. दुसरा मीटरही चुकतोय का ते बघा. वायर मोकळी करून आणि अर्थ करून बघा. अर्थ तपासा. मग रेझिस्टर. आणि युनिट बाहेर काढणं सगळ्यात शेवटी, कारण धोका तिथेच सगळ्यात जास्त. यातलं टाकीपाशी करायचं काम जमणार नाही असं वाटलं, तर ते जाणत्या वायरमनकडे द्या. पण जाताना पहिल्या दोन गोष्टी बघून जा आणि त्याला सांगा, 'काटा सावकाश चढतो, टेम्परेचर पण जास्त दाखवतो.' एवढं ऐकलं की चांगला माणूस थेट योग्य जागी हात घालतो.

पुढच्या भागात डायनॅमो आणि कटआउट. तुमच्या गाडीचा काटा कसा चुकतो ते नक्की कळवा, आणि कळवताना गाडीचं मॉडेल आणि काटा उडी मारतो की सावकाश चढतो, हे लिहायला विसरू नका. तोपर्यंत डिकीतला तो कॅन बाहेर काढा.